धुऱ्यापर्यंतचं स्वातंत्र्य

राजेहो, चार दिवस पाऊस सुटला नाही. वावरात डवरा जात नाही, निंदाले माणूस भेटत नाही. धुऱ्यावर उभा राहून लिहून राह्यलो, थोडं कडक वाटलं तर समजून घ्या.

काल एका साहेबांनी समजावलं, "चोरबीटी लावू नका, तुमचंच नुकसान आहे." असेलही. पण माझं नुकसान कशात हे ठरवायचा ठेका दरवेळी दुसऱ्याकडेच काहून? १९७२ ची कापूस एकाधिकार खरेदीही आमच्या भल्यासाठीच आली होती. खरेदीची हमी चांगलीच, पण मग दुसरा दरवाजा बंद कशाले? खाजगी व्यापाऱ्याले विकायचा नाही, राज्याबाहेर न्यायचा नाही. बाबा रात्री बैलांच्या घंट्या काढून गाडी मध्य प्रदेशाकडे हाकत. घरचा कापूस, घरचे बैल अन् चाल चोराची.

१० जून २०१९ ला अकोट तालुक्यात अकोली जहांगीरले शेतकरी संघटनेच्या लोकांनी मंजुरी नसलेली एचटीबीटी सरकी दिवसाउजेडी लावली. तेव्हा कायद्यात ५ वर्षांपर्यंत कैद अन् १ लाखापर्यंत दंड होता. मले पटलं ते हेच, दिवसाउजेडी. बंदीनं बियाणं थांबलं नाही, बिल तेवढं थांबलं. उगवलं नाही तर बिनबिलाच्या पाकिटाची तक्रार कोणाजवळ करता?

आता आपल्या बाजूच्यांनाही. "माझं वावर, माझी मर्जी" म्हणणाऱ्यात मीही होतो. दोन वर्षांमागं वारा असताना ग्लायफोसेट मारलं अन् शेजारच्या काकांच्या तुरीची सहा तासं गेली. काका भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, "तू तुह्या मर्जीनं मारलं, माह्या तुरीले इचारलं काय?" भरपाई दिली, पण ते वाक्य अजून टोचते. अन् २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, त्यात रोजानं फवारणारे मजूर होते. त्यायले नाही म्हणायची सोय होती काय?

म्हणून माझं म्हणणं असं, की माझी फवारणी धुऱ्याबाहेर गेली, मजुराच्या अंगावर आली, तर मले धरा, भरपाई घ्या. तो कायदा पाहिजे तेवढा कडक करा. धुऱ्याच्या आत मात्र मले लेकरू समजू नका. बियाण्याची चाचणी घ्या, धोका काय तो मराठीत पाकिटावर छापा, मग निवडू द्या.

पाऊस उघडला वाटते. मजूर पाहतो. यंदा सरकी बिलाची आहे, तण गुडघ्याले लागलं.