आमच्या पश्चात कोण?

सेवानिवृत्तीला वर्ष-दोन वर्षे उरली की ग्रॅच्युइटी, कम्युटेशन, रजेचा पगार यांचे हिशेब सुरू होतात. त्यासाठी युनियनच्या कचेरीत येणाऱ्या कर्मचाऱ्यांपैकी काहींचा खरा प्रश्न मात्र या हिशेबात बसत नाही. मुलगा पस्तिशीचा आहे, पण त्याला घरात एकटे ठेवता येत नाही. मुलगी चाळिशीची आहे, तिचा मानसिक आजार औषधाने आटोक्यात आहे, पण औषध वेळेवर देणारे कोणीतरी लागते. आईबाप आहेत तोवर ठीक, पुढे काय? अपंग मुलांच्या शाळांविषयी, नोकरीतल्या राखीव जागांविषयी आपल्या देशात थोडेबहुत बोलले जाते. पण वयाने प्रौढ झालेल्या आणि तरीही दुसऱ्याच्या आधारावर जगणाऱ्या माणसाने दिवस कुठे काढावा आणि रात्री कुठे झोपावे, याविषयी जवळजवळ काहीच बोलले जात नाही. हा प्रश्न आम्ही कामगार चळवळीचा प्रश्न मानतो, आणि त्याचे मूळ पैशाच्या कायम तरतुदीत आहे असे आमचे स्पष्ट मत आहे.

अशी तरतूद कशी असावी लागते याचा एक जुना दाखला मराठी माणसाच्याच इतिहासात आहे. तो सापडतो मात्र महाराष्ट्रापासून दूर, तमिळनाडूतल्या तंजावरला. व्यंकोजीराजांपासून तेथे भोसल्यांचे राज्य होते. 1799 च्या तहाने सरफोजीराजांना राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या स्वाधीन करावा लागला. त्यानंतर थोड्याच काळाने, 1801 साली, त्यांनी कंपनीच्या रेसिडेंटला एक पत्र लिहिले. त्या पत्राचा विषय होता छत्रांचा. रामेश्वरच्या यात्रामार्गावर तंजावरच्या राजांनी ठिकठिकाणी छत्रे बांधली होती आणि त्यांच्या खर्चासाठी गावे लावून दिली होती. या गावांचे उत्पन्न छत्रांकडेच राहावे, अशी राजांची मागणी होती.

छत्र म्हटले की आपल्यापुढे फक्त अन्नछत्र उभे राहते. त्या पत्रात वर्णन केलेले छत्र त्याहून पुष्कळ मोठे आहे. ब्राह्मणापासून परैयापर्यंत आणि जोगी, जंगम, फकीर यांपैकी जो येईल त्याला तेथे जेवण मिळे. काही कारणाने उपाशी राहिलेल्यांना मध्यरात्री घंटा वाजवून बोलावले जाई. वाटेत आजारी पडलेल्या प्रवाशाला बरा होईपर्यंत ठेवून घेत. त्याला औषध आणि पथ्याचे अन्न देत. त्यासाठी वैद्य नेमलेले असत. अडलेल्या गरोदर बाईच्या बाळंतपणाचा खर्च छत्र करी. अनाथ मुले शिक्षकाच्या हवाली केली जात. त्यांना तीन वेळा जेवण, कपडे आणि औषध मिळे. म्हणजे मुक्काम, अन्न, उपचार आणि सांभाळ या गोष्टी एकाच आवारात, नेमलेल्या नोकरवर्गाच्या हातून होत होत्या. ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्र हे सरफोजीराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी उभारलेले यांतले मोठे उदाहरण होय.

यातला घ्यायचा धडा कोणता? दयाबुद्धी पुष्कळांजवळ असते. पण रात्री बाराला घंटा वाजवायची तर तांदूळ त्याआधी कोठारात असावा लागतो, आणि वर्षभर तांदूळ असायचा तर उत्पन्न बांधून दिलेले असावे लागते. राज्य गेले तरी छत्रांची गावे तरी वाचावीत, ही सरफोजीराजांची धडपड होती. पुढे 1855 साली दुसऱ्या शिवाजीराजांच्या मृत्यूनंतर संस्थान खालसा झाले आणि छत्रांचा कारभार सरकारी व्यवस्थेत गेला. काही वास्तूंत विद्यार्थ्यांची वसतिगृहे झाली, हे चांगलेच झाले. पण आजाऱ्याला बरा होईपर्यंत ठेवून घेणारे छत्र संपले. ओरत्तनाडूच्या वास्तूचा बराच भाग मोडकळीला आला. इमारत आणि जमीन राहूनही हेतू हातचा जाऊ शकतो, हा दुसरा धडा.

कोणी म्हणेल, कामगारांच्या मासिकात राजेरजवाड्यांचे पोवाडे कशाला? तो आक्षेप आम्हाला मान्य आहे. छत्राचा तांदूळ राजाने पिकवला नव्हता. कावेरीच्या खोऱ्यातल्या कुळांनी आणि पण्णैयाळ म्हणून राबणाऱ्या बांधील शेतमजुरांनी तो पिकवला. त्या मजुरांना कायद्याचे पहिले संरक्षण मिळायला 1952 साल उजाडले, आणि जुन्या तंजावर जिल्ह्यातल्याच कीळवेण्मणी गावी 25 डिसेंबर 1968 रोजी मजुरीच्या झगड्यात 44 दलितांना जाळून मारण्यात आले. छत्रातले जेवण ही राजाची मर्जी होती. जेवणाऱ्याला ते हक्काने मागता येत नव्हते. म्हणून राजाचे दातृत्व आम्हाला नको. उत्पन्न बांधून देण्याची त्याची रीत मात्र हवी, आणि तिच्या जोडीला नागरिकाचा हक्क हवा.

बांधलेले उत्पन्नही नाही आणि हक्कही नाही, तेव्हा काय घडते हे त्याच रामेश्वरच्या मुलखाने पाहिले आहे. रामनाथपुरम जिल्ह्यातल्या एरवाडी येथे दर्ग्याच्या परिसरात मनोरुग्णांना ठेवणारी खाजगी ‘घरे’ निघाली होती. दूरदूरचे लोक आपल्या माणसाला तेथे आणून ठेवत. 6 ऑगस्ट 2001 च्या पहाटे त्यांपैकी एका झोपडीवजा घराला आग लागली. आतली माणसे साखळदंडांनी बांधलेली होती. त्यांना पळता आले नाही. 28 जणांचे प्राण गेले. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, सरकारने ती घरे बंद केली, आतल्या माणसांना हलवले. आपल्या माणसाला तेथे ठेवणारे सगळे निर्दय होते असे आम्ही मानत नाही. त्यांच्यापैकी पुष्कळांपुढे दुसरी जागाच नव्हती. सरकारने जागा निर्माण केली नाही म्हणजे बाजार ती निर्माण करतो, आणि बाजाराच्या जागेत स्वस्तात स्वस्त व्यवस्था म्हणजे साखळी.

त्यानंतर कायदे झाले. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 सांगतो की कुटुंब नाही, घर नाही किंवा समाजात सोय नाही एवढ्याच कारणासाठी कोणाला मनोरुग्णालयात डांबून ठेवता येणार नाही. सरकारने मधली निवासगृहे आणि गटनिवास काढावेत किंवा त्यांना साहाय्य करावे. प्रत्यक्षात काय झाले? बऱ्या झालेल्या रुग्णांना भिक्षेकरीगृहात आणि वृद्धाश्रमात हलवण्याचा प्रकार ताबडतोब थांबवा, असे सर्वोच्च न्यायालयाला 2021 साली महाराष्ट्र सरकारला बजावावे लागले. पुरोगामी म्हणवणाऱ्या राज्याला हे भूषणावह नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 सामाजिक सुरक्षेच्या योजना करायला सांगतो, पण ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’. ज्येष्ठ नागरिकांसाठीचा 2007 चा कायदा प्रत्येक जिल्ह्यात निराधार वृद्धांसाठी किमान 150 जणांचे एक निवासगृह असावे म्हणतो, पण राज्य सरकार ते काढू ‘शकेल’, अशी त्याची भाषा आहे. शब्दांच्या अशा फटींतूनच माणसे खाली पडतात.

पैशाची बाजूही पाहा. 1999 च्या कायद्याने राष्ट्रीय न्यास स्थापन झाला. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुअपंगत्व असलेल्यांसाठी त्याने दिवसाच्या केंद्रांची ‘विकास’ आणि निवासाची ‘समर्थ’ व ‘घरौंदा’ अशा योजना काढल्या. कल्पना उत्तम. पण केंद्राने त्याला एकदाच दिलेला मूळ निधी होता 100 कोटी रुपयांचा, आणि एवढ्या अवाढव्य देशाची गरज त्याच्या व्याजावर भागणारी नव्हे. इतर योजनांत स्वयंसेवी संस्थेने दरवर्षी नव्याने अर्ज करायचा, तपासणी आणि शिफारस होऊ द्यायची आणि अनुदानाची वाट पाहायची. अनुदान उशिरा येते म्हणून घरातल्या माणसांची भूक थांबत नाही. केंद्राच्या अपंग निवृत्तीवेतनात केंद्राचा वाटा महिना 300 रुपये आहे, 60 ते 79 वयाच्या वृद्धासाठी 200 रुपये. हे आकडे दहा वर्षांहून अधिक काळ हललेले नाहीत. आपल्या महागाई भत्त्याची दर सहा महिन्यांनी फेरमांडणी होते. या 200 आणि 300 रुपयांना महागाई लागू होत नाही काय?

येथे आम्ही आपल्याच खात्यांतला एक दाखला देतो. गार्ड आणि ड्रायव्हर परगावी गाडी घेऊन जातात तेव्हा त्यांच्यासाठी रनिंग रूम असते. आर. एम. एस. च्या सॉर्टरसाठी विश्रांतीगृह असते. तेथे पलंग असतो, स्वयंपाकी असतो, माणूस वेळेवर उठवला जातो. त्या पलंगाला कोणी दान म्हणत नाही. झोप न झालेल्या ड्रायव्हरच्या हाती गाडी देता येत नाही, म्हणून तो खर्च गाडी चालवण्याच्या खर्चातच धरलेला असतो. आधार लागणाऱ्या प्रौढांसाठी निवासगृह आणि दिवसाचे केंद्र यांचा खर्च समाज चालवण्याच्या खर्चात असाच धरला गेला पाहिजे. दिवसाचे केंद्र नसते तेव्हा घरातले कोणीतरी, बहुतेक वेळा आई किंवा बहीण, नोकरी सोडून घरी बसते. तिचे बुडालेले वेतन कोणत्याच अंदाजपत्रकात दिसत नाही, म्हणून सरकारला ते फुकट वाटते.

जुन्या निवृत्तीवेतन योजनेतल्या आपल्या सभासदांना चळवळीने एक मोठे संरक्षण मिळवून दिले आहे. कमावू न शकणाऱ्या अपंग अपत्याला नियमांप्रमाणे तहहयात कुटुंब निवृत्तीवेतन मिळते. 2021 साली उत्पन्नाची अट सैल झाली: अपत्याचे इतर उत्पन्न साधारण दराच्या कुटुंब निवृत्तीवेतनापेक्षा कमी असले तर ते पात्र ठरते. अशा अपत्याचे नाव हयातीतच निवृत्तीवेतनाच्या आदेशात नोंदवून घेता येते, आणि ते ताबडतोब घ्यावे. अपंग अपत्याची देखभाल करणाऱ्या कर्मचाऱ्याला, प्रशासकीय अडचण नसेल तर, नेहमीच्या बदल्यांतून सूट देण्याचा 2014 चा आदेशही आहे. शाखांनी ही माहिती प्रत्येक डेपोत आणि पोस्टात पोचवली पाहिजे.

पण हे संरक्षण सर्वांना नाही. 1 एप्रिल 2025 पासून आलेल्या एकीकृत निवृत्तीवेतन योजनेच्या अधिसूचनेत निवृत्तीनंतरचे 60 टक्के कुटुंब-देय पती किंवा पत्नीपुरते आहे. दोघेही गेल्यावर अपंग अपत्याला तहहयात रक्कम मिळण्याची जुनी हमी त्यात नाही. ग्रामीण डाक सेवक तर नागरी निवृत्तीवेतनाच्या बाहेरच आहेत, आणि कंत्राटी सफाई कामगाराला कोणी विचारतच नाही. ज्याला निवृत्तीवेतन मिळते त्याचाही प्रश्न अर्धाच सुटतो. बँकेत रक्कम जमा झाली म्हणून कोणी सकाळी अंघोळ घालत नाही. जिल्ह्यात जागाच नसेल तर पैसे घेऊन जायचे कुठे? पुन्हा एखाद्या एरवाडीत?

म्हणून आमच्या मागण्या अशा आहेत. प्रत्येक जिल्ह्यात आधार लागणाऱ्या प्रौढांसाठी सरकारी खर्चाने लहान निवासगृहे आणि दिवसाची केंद्रे असावीत, आणि त्यांचा पैसा अर्जावर व मर्जीवर न ठेवता अंदाजपत्रकात बांधून द्यावा, दरवर्षी महागाईप्रमाणे वाढवावा. तेथे काम करणाऱ्यांना मानधनावर न राबवता वेतन, आठ तासांची पाळी आणि साप्ताहिक सुटी द्यावी. रात्रपाळीला एकट्या परिचारिकेवर तीस माणसे सोपवणाऱ्या घरात कोणाचीच काळजी घेतली जात नाही. नव्या निवृत्तीवेतन योजनांत अपंग अपत्याचे तहहयात कुटुंब निवृत्तीवेतन पूर्ववत सामील करावे, आणि ते ग्रामीण डाक सेवकांनाही लागू करावे. रेल्वे आणि टपाल वसाहतींतली रिकामी पडलेली क्वार्टर्स विकायला काढण्यापूर्वी त्यांत दिवसाची केंद्रे सुरू करावीत. आणि प्रत्येक घरावर देखरेख करणाऱ्या समितीत तेथे राहणाऱ्यांच्या घरच्यांना व कामगार संघटनेला जागा असावी.

काही मंडळी म्हणतात, ही कुटुंबाची जबाबदारी आहे. कुटुंब ती आजवर पार पाडत आलेच आहे, कोणतीही रजा न घेता. पण कुटुंबाचे आयुष्य संपते आणि त्या मुलाचे उरते, हा साधा हिशेब आहे. शाखांनी येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा. आपल्या शाखेत अशी किती कुटुंबे आहेत याची यादी त्या कुटुंबांच्या संमतीने करावी, जिल्ह्यात कोणती सोय आहे आणि कोणती नाही याची पाहणी करावी आणि ठराव मुख्य कार्यालयाकडे पाठवावा. आजवर हा प्रश्न प्रत्येकाने आपापल्या घरात, दार लावून सोसला. तो आता मागणीपत्रात आला पाहिजे.