दगड काळा, रेघ लाल, आणि हिशोब?

मंडळी, सुरजागडचा दगड कधी हातात घेतलाय का? दिसायला काळा-करडा, पण वजनाला भारी. शुद्ध असेल तर पाण्याच्या पाचपट जड. फरशीच्या मागच्या खरबरीत बाजूवर घासून बघा, रेघ तांबडी उठते. हेमॅटाईटची हीच ओळख. नावही रक्तावरून पडलंय, ग्रीक भाषेत 'हायमा' म्हणजे रक्त.

हा लोखंड आणि ऑक्सिजनचा संयुग. शुद्ध हेमॅटाईटच्या १०० किलोत जवळपास ७० किलो लोखंड. भट्टीत कोक घालून तापवला की ऑक्सिजन निघून जातो, लोखंड उरतं. तुमच्या स्लॅबची सळई, ट्रॅक्टरचा नांगर, रेल्वेचे रूळ, सगळ्याचं मूळ असल्याच दगडात. आपण भिंतीला, कुंडीला लावतो त्या गेरूचा लाल रंगही यानंच येतो. सोनार पॉलिशला जी लाल पूड वापरतात, तीही हीच.

म्हणजे दगड कामाचा आहे, वाद नाही. पण जो गुण गेरूत चांगला, तोच शेतात त्रासाचा. ही पूड पाण्यात विरघळत नाही. पावसात वाहत येते आणि बांधीत गाळ होऊन बसते. उन्हाळ्यात ट्रकमागे उडून पानांवर बसते. लोखंड बाहेर जातं, लाल धूळ एटापल्लीत राहते.

यासाठीच २०१५ मध्ये खाण कायद्यात दुरुस्ती होऊन जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं. १२ जानेवारी २०१५ आधीच्या खाणपट्ट्यांना रॉयल्टीच्या ३० टक्के रक्कम या निधीत वेगळी भरावी लागते. हा पैसा खाणबाधित माणसांसाठी आणि गावांसाठी. पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण, प्रदूषण नियंत्रण ही कामं आधी. अनुसूचित क्षेत्रात कामांना ग्रामसभेची मंजुरी हवी आणि वर्षाअखेरीस अहवालही ग्रामसभेपुढे यायला हवा. ही कुणाची मेहेरबानी नाही, नियम आहे.

खाण हवी की नको, यावर आपण वर्षानुवर्षं भांडतोय. भांडूच. पण खाण चालू आहे तोवर हिशोब कोण मागणार? माझं म्हणणं एवढंच, येत्या ग्रामसभेत तीन प्रश्न लेखी द्या. निधीत किती जमा झाले? आपल्या गावावर किती खर्च झाले? मंजुरीचा ठराव कुठाय? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या आणि त्याची नक्कल मागा.

दगड घासला की खरा रंग दिसतो. कारभारही जरा घासून बघू या. पटलं तर बाधित गावांच्या ग्रुपवर नक्की पाठवा.