यवतमाळचा शेतकरी आणि देवावरील भरवसा

दरवर्षी १९ मार्च रोजी ख्रिस्तसभा संत योसेफ यांचा सण साजरा करते. पवित्र मरियेचे पती आणि नाझरेथच्या कुटुंबाचे पोशिंदे म्हणून आपण त्यांना मान देतो. परंतु विदर्भात ही तारीख आणखी एका, अत्यंत दुःखद कारणाने स्मरणात राहिली आहे. १९ मार्च १९८६ रोजी यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातील चिलगव्हाण येथील शेतकरी साहेबराव करपे यांनी पत्नी व चार मुलांसह आपले जीवन संपविले. महाराष्ट्रातील जाहीर नोंद झालेली पहिली शेतकरी आत्महत्या म्हणून ही घटना ओळखली जाते. २०१७ सालापासून या दिवशी अनेक शेतकरी आणि त्यांचे हितचिंतक एक दिवस अन्नत्याग करतात.

एक पोशिंदा वेदीवर पूजिला जातो, त्याच दिवशी दुसरा पोशिंदा निराशेने हरला, हे आपल्याला अस्वस्थ करणारे आहे. संत योसेफांचा सण प्रायश्चित्तकाळातच येतो. तेव्हा आत्मपरीक्षणाच्या या दिवसांत आपण स्वतःला एक प्रश्न विचारला पाहिजे : कर्जाने वाकलेल्या माणसाला आपण ‘देवावर भरवसा ठेवा’ असे सांगतो, तेव्हा नेमके काय सांगत असतो?

यवतमाळ जिल्हा १९५५ साली स्थापन झालेल्या अमरावती धर्मप्रांतात मोडतो. येथील बहुतांश शेती कोरडवाहू आहे. कापूस, सोयाबीन आणि तूर ही मुख्य पिके. जूनच्या पहिल्या पावसावर पेरणी होते. त्यानंतर पावसाने दडी मारली की दुबार पेरणीचे संकट उभे राहते आणि बियाण्यांचा खर्च दुप्पट होतो. बँकेचे जुने कर्ज थकलेले असल्यास नवे पीककर्ज मिळणे कठीण होते. मग शेतकरी सावकाराच्या दारी जातो. पीक हाती आल्यावर देणेकऱ्यांचा तगादा इतका असतो की चांगल्या भावाची वाट पाहण्याची उसंतही त्याला मिळत नाही. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने कपाशीची बोंडे पोखरली. त्याच हंगामात कीटकनाशकांची फवारणी करताना विषबाधा होऊन याच जिल्ह्यात अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले.

शासनाने काहीच केले नाही असे म्हणता येणार नाही. १ जुलै २००६ रोजी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी यवतमाळसह विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. २००८, २०१७ आणि २०१९ साली कर्जमाफीच्या घोषणा झाल्या. परंतु बँकेची कर्जमाफी सावकाराच्या वहीपर्यंत पोहोचत नाही. २००८ च्या संपूर्ण कर्जमाफीला दोन हेक्टरांची मर्यादा होती. त्यामुळे पाच-सहा एकरांहून थोडी अधिक, पण बेभरवशाची कोरडवाहू जमीन असलेला शेतकरी तिच्या पूर्ण लाभापासून दूर राहिला. आत्महत्याग्रस्त कुटुंबाला एक लाख रुपयांचे साहाय्य देण्यापूर्वी त्याचे प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’, हे ठरविले जाते. नियम आवश्यक असतीलही. तथापि शोकाकुल विधवेच्या कपाळी ‘अपात्र’ हा शिक्का बसतो, तेव्हा तिच्या बाजूने कोण उभे राहते? देवाच्या दरबारात असा शिक्का नाही, हे तिला कोणाच्या वागण्यातून कळावे?

येथे देवावरील भरवशाचे दोन चुकीचे अर्थ बाजूला सारणे आम्हांला आवश्यक वाटते. पहिला अर्थ दैववादाचा : ‘जे झाले ती देवाची इच्छा.’ चढे व्याज, पडलेला बाजारभाव, निकृष्ट बियाणे ही देवाची इच्छा नव्हे. ती माणसांची करणी आहे. व्याजबट्टा आणि हाव यांमुळे बांधवांची उपासमार व मृत्यू घडविणारे अप्रत्यक्षपणे मनुष्यहत्येचेच दोषी ठरतात, अशी कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथाची स्पष्ट शिकवण आहे. दुसरा अर्थ सौद्याचा : ‘मी प्रार्थना केली, आता देवाने पाऊस पाडलाच पाहिजे.’ मंदिराच्या शिखरावरून उडी टाकून पित्याची परीक्षा पाहण्याचे प्रभू येशूने नाकारले होते. श्रद्धावंताच्या शेतावरही दुष्काळ पडतो. त्यावरून त्याची श्रद्धा उणी होती असा निष्कर्ष काढणे म्हणजे ईयोबाच्या मित्रांची चूक पुन्हा करणे होय.

मग खरा भरवसा कोणता? परमेश्वर आपले पालकत्व बहुधा माणसांच्या हातांनी पार पाडतो, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. अरण्यात इस्राएली लोकांना मान्ना मिळाला तो रोजच्या रोज. ज्याने पुष्कळ गोळा केला त्याच्यापाशी अधिक उरला नाही आणि ज्याने थोडा गोळा केला त्याला कमी पडले नाही. प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेतही आपण ‘माझी’ भाकर मागत नाही, ‘आमची’ मागतो. उघड्यानागड्या, उपाशी बंधूला केवळ गोड शब्दांनी निरोप देणाऱ्यांची संत याकोबाने खरडपट्टी काढली आहे. आणि स्वतः संत योसेफ? त्यांनी देवावर भरवसा ठेवला म्हणजे ते स्वस्थ बसले नाहीत. रात्री उठून बालकाला व मातेला घेऊन ते परमुलखात निघाले. त्यांचा एकही उद्गार शुभवर्तमानात नाही. आहे ती फक्त कृती.

असा भरवसा आपल्याच महाराष्ट्रात एकदा मूर्त रूपाला आला होता. वसईतील कॅथलिक शेतकरीही सावकारी पाशात सापडला होता. तेथील धर्मगुरू मोन्सेनियर पी. जे. मोनीस यांनी केवळ प्रवचन करून समाधान मानले नाही. १९१८ साली त्यांच्या पुढाकाराने सहकारी पतसंस्था उभी राहिली. तीच आजची बसीन कॅथलिक सहकारी बँक. वसईची बागायती आणि यवतमाळची कोरडवाहू शेती यांत मोठे अंतर आहे, आपल्या भागातील कॅथलिकांची संख्याही अल्प आहे, हे आम्ही जाणतो. परंतु एक बचत गट चालविण्यास दहा-वीस कुटुंबेही पुरेशी असतात, आणि त्यात केवळ ख्रिस्ती कुटुंबेच असावीत असे थोडेच आहे?

आणखी एक गोष्ट आपल्या हाती आहे. कर्जाहूनही कर्जाची लाज माणसाला एकटे पाडते. लग्नातील थाटमाट कमी करून आपण ही लाज कमी करू शकतो. शेजारच्या घरी सायंकाळी चूल पेटली की नाही, याची विचारपूस करू शकतो. ज्या घरातून असा मृत्यू झाला, त्या घराकडे बोट दाखविण्याचा आपल्याला अधिकार नाही. १९१७ च्या धर्मसंहितेत जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्यांना ख्रिस्ती दफनविधी नाकारण्याची तरतूद होती. १९८३ च्या संहितेत ती राहिलेली नाही. जीवन ही देवाची देणगी आहे, ती आपण संपवू नये, ही शिकवण कायम आहे. पण तीव्र मानसिक यातनांनी माणसाची जबाबदारी कमी होते आणि त्याच्या तारणाविषयी आपण निराश होऊ नये, असेही ख्रिस्तसभा सांगते. त्या मृतांसाठी मिस्सा अर्पण करणे आणि त्यांच्या मुलांच्या शाळेची काळजी वाहणे, ही दोन्ही एकाच श्रद्धेची कामे आहेत.

आपल्यापैकी कोणी आज अशा अंधारातून जात असेल, तर त्याला आमची हात जोडून विनंती आहे की, त्याने हे ओझे एकट्याने वाहू नये. घरच्यांशी, शेजाऱ्याशी, धर्मगुरूंशी बोलावे. शासनाच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी बोलता येते. मदत मागणे म्हणजे श्रद्धा डळमळणे नव्हे. पेत्र बुडू लागला तेव्हा तो ओरडला, आणि प्रभूने तत्काळ हात पुढे केला. आज तो हात आपला असावा, अशी प्रभूची अपेक्षा आहे.

येत्या १९ मार्चला संत योसेफांच्या सणाच्या मिस्साबलिदानात श्रद्धावंतांच्या प्रार्थनेच्या वेळी चिलगव्हाणच्या त्या सहा जणांचेही स्मरण व्हावे. आणि घरी परतताना आपल्या गावातील एका तरी कर्जबाजारी घराच्या दारात आपली पावले थांबावीत.