प्रयोगशाळेची खोली रिकामी करण्यापूर्वी

मागच्या पालकसभेत एका पालकांनी विचारले, "आता सगळे संगणकच शिकणार, मग मुलांना पदार्थविज्ञानाचे प्रयोग कशाला? त्या खोलीत संगणक बसवा." दोन-तीन विश्वस्तांच्या मानाही डोलल्या. मी याच शाळेचा माजी विद्यार्थी. उमेदीची वर्षे वीजकेंद्रात गॅस टर्बाइनपाशी गेली, म्हणून चार शब्द लिहितो.

गॅस टर्बाइनमध्ये काँप्रेसर हवा दाबतो, त्या हवेत इंधन जळते आणि तप्त वायू पाती फिरवतो. गंमत अशी, की मिळालेल्या शक्तीतला मोठा वाटा काँप्रेसरच खातो. १९३९ साली स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल येथे सार्वजनिक वीजपुरवठ्यासाठी बसवलेल्या ४ मेगावॉटच्या टर्बाइनमध्ये तर सुमारे पाऊण हिस्सा त्यातच जाई!

विजेची मागणी एकाएकी वाढली, तर पुढच्या काही सेकंदांत यंत्राचा वेग आणि तापमान कसे बदलेल? हे पूर्वी समीकरणांनी काढत. आता न्यूरल नेटवर्कही काढते. मागच्या काही क्षणांचे इंधन, वेग, तापमान त्याला द्यायचे. ते पुढच्या क्षणाचा अंदाज सांगते. चूक झाली की आतले भारांक थोडे बदलायचे. चूक मागे नेत सुधारण्याची ही रीत रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांच्या १९८६ च्या लेखामुळे सर्वत्र पसरली. ती उत्तम चालते. एखाद्या जुन्या यंत्राच्या झिजलेल्या पात्यांचा स्वभावही तिला नोंदींवरून उमगतो, जो कारखान्याच्या कागदांत सापडत नाही.

पण जे पाहिलेच नाही, त्याचे काय?

३ ऑगस्ट १९९६ रोजी मलेशियात मोठा वीजघात झाला. जाळ्याची वारंवारिता ५० हर्ट्झखाली घसरली. टर्बाइनचा आस जाळ्याशी बांधलेला, म्हणून काँप्रेसरही मंदावला, हवा कमी आली. तापमान आधीच मर्यादेला टेकलेले असेल, तर इंधन वाढवता येत नाही. म्हणजे गरज सर्वांत जास्त, तेव्हाच यंत्राचे उत्पादन घटते. त्या घटनेनंतर अभ्यासकांना आपली प्रारूपे पुन्हा तपासावी लागली. केवळ नेहमीच्या दिवसांच्या नोंदींवर शिकलेले नेटवर्क अशा वेळी खुशाल चुकीचा आकडा देईल, आणि तोही दशांश चिन्हासकट! तो चुकीचा आहे हे ओळखायला हवा, दाब आणि उष्णता कळणारा माणूस लागतो.

सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढले, ते हाताने काम शिकवायला. त्याच बडोद्यात आपण प्रयोगशाळा मोडायची?

संगणक जरूर आणा, पण त्याच खोलीत, प्रयोगाच्या टेबलाशेजारी. नववीच्या मुलांनी गरम पाण्याचे तापमान दर मिनिटाला नोंदवावे, चार-पाच वेळा. त्या नोंदी संगणकाला शिकवाव्यात. मग पंखा लावून तोच प्रयोग करावा आणि संगणकाचा अंदाज फळ्यावर लिहून ठेवावा. मी शनिवारी दुपारी येऊन मदत करीन. पंखा घरून आणतो. थर्मामीटर मात्र शाळेने घ्यावेत, कपाटात धड असे दोनच उरले आहेत.