शिडाच्या होडीतलं इंजिन

माझ्या भाच्याची शिडाची छोटी होडी इंग्लंडात साउदॅम्प्टनजवळ हॅम्बल नदीत असते. "मामा, वारा असताना इंजिन कशाला?" हे त्याचं ठरलेलं वाक्य. मागच्या उन्हाळ्यात मीही बरोबर गेलो. सोलंटच्या खाडीत लाटा उसळल्या, म्हणून परत फिरलो. नदीच्या तोंडाशी शिडं उतरवली, आणि दहा मिनिटांत इंजिन बंद! ओहोटीचा ओढा, आजूबाजूला होड्याच होड्या. भाच्याने झटकन नांगर टाकला म्हणून निभावलं.

फिल्टर उघडला तर आत काळा गाळ. अर्धवट भरलेल्या टाकीत हवेतली वाफ थंड होऊन पाणी साचतं. पाणी खाली, डिझेल वर. दोन्ही जिथे भेटतात तिथे जंतू वाढतात आणि गाळ होतो. एरवी तो तळाशी गप्प असतो. लाटांनी ढवळला की थेट फिल्टरमध्ये. म्हणजे दगा नेमका अडचणीच्या वेळीच!

नवा फिल्टर बसवून, नळीतली हवा काढल्यावर इंजिन सुरू झालं.

माझं मत असं की, असं इंजिन वापराने कमी आणि पडून राहिल्याने जास्त बिघडतं. टाकी भरलेली ठेवावी, तळचं पाणी काढावं, जादा फिल्टर जवळ बाळगावा. जागेवर पाच मिनिटं नुसती घरघर करून भागत नाही. भार देऊन, चांगलं तापेपर्यंत चालवावं.

निवृत्तीनंतर खुर्चीत रुतलेल्या माझ्या गुडघ्यांचंही तेच झालंय म्हणा. असो. भाचा आता दर महिन्याला इंजिन चालवतो. मीही रोज सकाळी फिरायला जातो.