अवंतिसुंदरीचा मतभेद

'काव्यमीमांसे'तला पाकविचार शिकवताना आम्ही दोघेही अनेक वर्षे एक लबाडी करीत आलो. राजशेखराने सांगितलेले नऊ पाक फळ्यावर लिहायचे, द्राक्षापाक आणि नारिकेलपाक जरा रंगवून सांगायचे, मुले हसली की पुढच्या घटकाकडे वळायचे. त्याच प्रकरणात राजशेखराची पत्नी अवंतिसुंदरी एक स्वतंत्र मत मांडते, ते 'अधिक माहिती' म्हणून सोडून द्यायचे. परीक्षेत ते विचारले जात नाही, हे कारण होतेच. दुसरे कारण आम्हांला अलीकडे कळले आणि ते आमच्या स्वयंपाकघरातले आहे.

आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. आमच्यापैकी एक पनवेल तालुक्यातल्या ओव्याचा, आगरी घरातला. दुसरी वऱ्हाडातल्या माळकरी घरातली. लग्नाला एकोणीस वर्षे झाली. एकाच्या जिभेला तांदळाची भाकरी, सुकट, जवळा, वालाचे बिरडे आणि हिवाळ्यातली पोपटी. दुसरीच्या जिभेला ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, जवसाची चटणी, अंबाडी आणि भाजलेल्या वांग्याचे भरीत. साहित्याविषयीच्या लेखात हा तपशील कशासाठी, असे कुणी म्हणेल. पण ज्या शास्त्राने काव्याच्या अनुभवाला 'रस' म्हटले आणि तो घेण्याला 'आस्वाद' म्हटले, त्याच्या अभ्यासकांना हा प्रश्न विचारण्याचा अधिकार उरत नाही, असे आमचे मत आहे. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भरताने रसाची कल्पना समजावली ती जेवणाच्याच दाखल्याने. नाना व्यंजनांनी संस्कारलेले अन्न खाणारा सुमनस पुरुष जसा रस चाखतो, तसा प्रेक्षक स्थायी भाव चाखतो. खाणारा तिथे आहे, अन्न आहे, मसाले आहेत. रांधणारे कुणी नाही. पुढची दोन हजार वर्षे आपली समीक्षा या खाणाऱ्याच्या पाटाशेजारीच बसून राहिली. अकरावी-बारावीच्या रसग्रहणाच्या प्रश्नापर्यंत हाच पाट आहे.

राजशेखराकडे परत येऊ. नवव्या-दहाव्या शतकांच्या संधिकाळातला हा कवी कनोजच्या महेंद्रपालाच्या आश्रयाला होता. पण आपला पणजा अकालजलद याला तो महाराष्ट्राचा चूडामणी म्हणतो, म्हणून त्याच्यावर आपलाही थोडा हक्क. तो यायावर कुळातला ब्राह्मण, अवंतिसुंदरी चाहमान कुळातली. म्हणजे हाही विवाह दोन कुळाचारांचा, आणि बहुधा दोन चुलींचाही. 'कर्पूरमंजरी' हे प्राकृत सट्टक तिच्याच इच्छेवरून रंगभूमीवर आले, असे त्याच्या प्रस्तावनेत म्हटले आहे.

त्याचे नऊ पाक पाहण्यासारखे आहेत. जे काव्य आरंभीही बेचव आणि अंतीही बेचव, तो कडुनिंबाचा पाक. आरंभी बेचव, अंती गोड, तो द्राक्षाचा. आरंभी मध्यम आणि अंती बेचव, तो वांग्याचा. आरंभापासून अंतापर्यंत स्वादिष्ट, तो नारळाचा. हा भाग आमच्या घरी प्रथम मोठ्याने वाचला गेला तेव्हा आमच्यातल्या ओवेकराला कोण आनंद झाला! नारळ पहिल्या रांगेत आणि वांगे निंबाच्या शेजारी, शास्त्राधारच मिळाला. आमच्यातल्या वऱ्हाडीचे उत्तर असे होते, की राजशेखराने वांगे काट्याकुट्यांच्या विस्तवात भाजलेले खाल्ले नसणार, आणि त्याच्यासाठी ते भाजून देणारीने आपले मत त्याला सांगितले नसणार.

पण तिने सांगितले होते. पाक म्हणजे नेमके काय, याविषयी वामनाच्या अनुयायांचे म्हणणे असे, की ज्या रचनेतला एकही शब्द बदलता येत नाही, तिथे पाक सिद्ध झाला. आजही आपण चांगल्या कवितेविषयी वर्गात हेच सांगतो. अवंतिसुंदरी म्हणते, ही तर अशक्ती आहे, पाक नव्हे. एकाच वस्तूवर महाकवींचे अनेक पाठ असू शकतात आणि ते सगळेच परिपक्व असू शकतात. रसाला उचित अशा शब्दार्थांची गुंफण म्हणजे पाक. राजशेखराने हे मत तिच्या नावानिशी नोंदवले आहे. संस्कृत काव्यशास्त्रात पत्नीचे मत असे नावाने आलेले दुसरे उदाहरण आम्हांला तरी आठवत नाही.

लग्न झालेल्या प्रत्येकाने वामनीयांचे मत जेवताना ऐकलेले असते. 'आमच्या आईच्या हातचे' या शब्दांनी सुरू होणारे प्रत्येक वाक्य हे पदपरिवृत्तीला नकार देणारे वाक्य आहे. आमसुलाच्या जागी चिंच चालत नाही. वालाच्या जागी मटकी चालत नाही. भाकरीच्या पिठाला उकड काढल्याशिवाय ती भाकरीच नव्हे. यातले एकही पद हलले की पाक बिघडला. आणि हे मत मांडणाऱ्याला त्या पदांची जुळणी स्वतः करता येते असे मुळीच नाही. अवंतिसुंदरीचा 'अशक्ती' हा शब्द तिथे जाऊन बसतो.

आमच्या घराला हे लागू नाही, अशी आमची प्रामाणिक समजूत होती. आम्ही दोघेही नोकरी करणारे, स्त्रीवादी समीक्षा शिकवणारे. पाहुण्यांना आम्ही अभिमानाने सांगत असू की आमच्याकडे दोन्ही पद्धतींचे जेवण होते. तीन वर्षांपूर्वी एम.ए.च्या वर्गात 'स्मृतिचित्रे' चालू असताना एका विद्यार्थिनीने सरळ विचारले, "सर, तुम्ही दोघे दोन गावचे. मग तुमच्या घरी कुणाच्या चवीचं शिजतं?" उत्तर तयार होते, 'दोघांच्याही'. ती म्हणाली, "आणि ते दोन्ही शिजवतं कोण?"

त्या आठवड्यात आम्ही घरी नोंद ठेवली. चौदा जेवणांपैकी दहा ओव्याच्या पद्धतीची, तीन वऱ्हाडी, एक बाहेरून मागवलेले. चौदापैकी बारा वेळा रांधले ते वऱ्हाडीने. मासे न खाणारी ही बाई लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून मासे साफ करते, कालवण करते, आणि मीठ चाखायला मुलीला हाक मारते. वाल भिजवणे, मोड आणणे, एकेक दाणा सोलणे हे दोन-अडीच दिवसांचे काम तिच्याकडे, आणि तिला स्वतःला वाल कडू लागतात. उलट, वर्षानुवर्षे चवीने भरीत खाणाऱ्या ओवेकराला वांगे भाजून उतरवायचे कधी, हे माहीत नव्हते. म्हणजे एकाची रुची रुंदावली आणि दुसरीचे काम. या दोन्ही गोष्टींना आम्ही इतकी वर्षे 'समजूतदारपणा' हा एकच शब्द वापरत होतो.

इथे 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचणे आम्हांला भाग पडले. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या या आत्मचरित्रात अन्न सर्वत्र आहे, पण आपण ते विनोदाच्या खाती टाकतो. लक्ष्मीबाईंच्या माहेरी वडिलांचे सोवळे इतके विकोपाला गेलेले, की घरात मीठही धुऊन घेतले जाई. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पाच-एक वर्षांचा वियोग झाला. पुढे दोघे एकत्र आले तेव्हा लक्ष्मीबाईंनी धर्म बदललेला नव्हता. आपले खाणेपिणे त्यांनी काही काळ वेगळेच सांभाळले. टिळकांनी सक्ती केली नाही. जातीचा विचार त्यांचा त्यांनी सोडला, त्यांच्या वेळेला आणि त्यांच्या तर्काने. १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. आपण शिकवतो ते एवढेच, की एका कर्मठ बाईचे मन मोठे झाले. आम्हांला आता त्यातला मधला काळ अधिक मोलाचा वाटतो. एका छपराखाली नवरा-बायको वेगवेगळ्या नियमांनी जेवत आहेत आणि संसार चालू आहे. त्या सोवळ्याचे आम्ही मुळीच समर्थन करीत नाही. पण दुसऱ्याची चव गिळून टाकल्याशिवाय एकत्र राहता येते, याचा इतका रोखठोक पुरावा मराठीत फारसा नाही.

बाकी साहित्याने या जागेकडे पाठच फिरवली आहे. तेंडुलकरांच्या 'कन्यादान'मध्ये (१९८३) पूर्वजांच्या शिळ्या, आंबलेल्या अन्नाचा विषय अरुण आठवलेच्या तोंडून येतो आणि देवळालीकरांच्या घरातली हवा बदलते. जीभ हा इतिहास असतो, हे तेंडुलकरांना नेमके कळले होते. पण नाटक देवळालीकरांच्या घरातच राहते. ज्योती-अरुणची चूल आपल्याला दिसत नाही. तिथे कोण कुणाचे खायला शिकले, हा प्रश्न रंगमंचाबाहेर पडून राहतो. प्रेमविवाहाच्या आपल्या कथांचेही तेच. त्या नोंदणी कार्यालयापर्यंत जातात, फार तर सासूच्या उंबऱ्यापर्यंत. पहिल्या महिन्यातल्या आमटीपर्यंत क्वचितच पोचतात.

पाकपुस्तकांनी ही जागा भरून काढायला हवी होती. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ चे. लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणी-मित्र' १९१० चे, पाठारे प्रभू स्वयंपाकघरातून मांस-मासळीसह आलेले. १९७० मध्ये कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' आली आणि तिने वाटी-चमच्याचे माप घरोघर नेले. 'रुचिरा'चे उपकार आमच्यातल्या वऱ्हाडीवर आहेत. परक्या गावात, कुणाला न विचारता, पुस्तकात बघून रांधता येणे ही लहान मुक्ती नव्हे. मात्र माप ठरले की एक पाठ प्रमाण होतो आणि बाकीचे पाठभेद ठरतात. ज्यांचा पाठ कधी छापलाच गेला नाही, त्यांचे काय, हे शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) मध्ये दाखवले. मराठवाड्यातल्या दलित स्वयंपाकघरांविषयीचे हे पुस्तक आमच्या मते पाककृतींचे म्हणून वाचू नये; ते संहिताचिकित्सेचे पुस्तक आहे. ते अभ्यासक्रमात का नाही, असे आम्ही एका बैठकीत विचारले होते. 'गृहविज्ञानाकडे पाठवा' असे उत्तर मिळाले. असो.

आमच्यावर एक आक्षेप येईल आणि तो आमच्यातल्या ओवेकरानेच प्रथम घेतला. तो म्हणाला, हे सगळे मान्य, पण माझ्या बाजूचीही एक हानी आहे, ती तुझ्या नोंदवहीत येत नाही. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि पुढे नव्या शहरासाठी पंचक्रोशीतली जमीन संपादित झाली. ज्या खाचरांतला तांदूळ त्याच्या आईच्या भाकरीत होता, त्या खाचरांच्या बाजूने आज खारघर-तळोजाचे टॉवर उभे आहेत. २०१६ मध्ये पनवेल महानगरपालिका झाली, २०२३ च्या नोव्हेंबरात मेट्रो पेंधरपर्यंत आली. शेत गेले, खाडीतले निवटे-चिंबोऱ्या दुर्मिळ झाल्या, बोली वर्गाबाहेर राहिली. राहिली ती जीभ. तिच्यावरचा हट्ट म्हणजे नुसता नवरेपणा नाही, असे त्याचे म्हणणे. वऱ्हाडीने ते ऐकून घेतले. मग तिने विचारले, हे स्मारक सांभाळायचे काम वाल सोलणाऱ्या परक्या बाईने का करायचे? हा वाद आमच्यात मिटलेला नाही. हे दोन परिच्छेद लिहितानाही कोणाचे वाक्य शेवटी ठेवायचे, यावर आमचे एक रात्रभर जमले नव्हते.

झाले ते एवढेच. आता घरात दोन तवे आहेत. शनिवार-रविवारचे मासे ज्याला खायचे आहेत तोच साफ करतो. सुरुवातीला त्याने बोंबलाचा चिखल केला. ज्वारीची भाकरीही तो शिकतो आहे. तांदळाच्या पिठाची उकड काढून पाण्याच्या हाताने थापलेली भाकरी त्याने लहानपणापासून पाहिलेली, म्हणून ज्वारीच्या कोरड्या पिठावर त्याचा हात बिथरतो आणि भाकरी कडेने चिरते. चिरलेली भाकरी वऱ्हाडी निमूटपणे खाते. 'आईच्या हातची' हे शब्द तिने अजून उच्चारलेले नाहीत. वाल महिन्यातून एकदा होतात आणि सोलायला तिघे बसतो.

तिसरी आमची मुलगी. ती ज्वारीच्या भाकरीबरोबर सुकट खाते. कुठल्याच पाकपुस्तकात हा जोड सापडणार नाही. ओव्याच्या आजीला ती भाकरी कोरडी वाटते आणि ती तसे बोलूनही दाखवते. वऱ्हाडातल्या आजीला या ताटाविषयी काही ठाऊक नाही. गळ्यात माळ असलेल्या त्या घरी, आपली मुलगी मासे खात नाही एवढे माहीत आहे. इतकी वर्षे ती मासे साफ करीत होती, हे सांगितलेले नाही. दर दिवाळीला आम्ही जातो तेव्हा गाडीत मुलीला काय बोलायचे नाही याची आठवण करून देतो, आणि ही आठवण करून देण्याचे काम आळीपाळीने करतो. हा लेख त्या घरी कुणी वाचून दाखवला, तर येत्या दिवाळीत ते काम राहणार नाही.