बोक्यांनी फस्त केलेलं स्वयंपाकघर

धूसर पार्श्वभूमीला छायाचित्रकार मंडळी जपानी शब्दाने ‘बोके’ म्हणतात. अगदी समर्पक! फुजीच्या १०२ मेगापिक्सेलच्या मीडियम फॉरमॅट कॅमेऱ्यावर मी जुनी मामियाची ८० मिलिमीटर, एफ १.९ लेन्स चढवली आणि आईसमोर बसलो. हाताने रिंग फिरवायची; एक मीटरवर स्पष्टतेची पट्टी जेमतेम २ सेंटिमीटर! आईने श्वास घेतला की फोकस डोळ्यावरून थेट नाकावर. शेवटी जमलं: एक डोळा लखलखीत, बाकी लोणी!

‘‘अरे, माझं स्वयंपाकघर कुठे गेलं?’’

चाळीस वर्षांचे पितळी डबे बोक्यांनी फस्त केले होते. दोष लेन्सचा नाही, हावेचा. लेन्स मोठा ‘आ’ करू शकते म्हणून तो सदा वासूनच ठेवायचा? दोन पावलं मागे सरका, एफ ८ वर या. डबे ओळखू तरी येतील, आणि आईसुद्धा!